सांधे धरणे हे केवळ म्हातारपण नव्हे

ऑक्टोबर हा रोझरीचा महिना. सुगीच्या धांदलीतही संध्याकाळी घरोघरी वेदीपुढे घरची माणसे जमतात, आणि पाच रहस्ये संपेपर्यंत गुडघ्यांवर कोण टिकते व मध्येच भिंतीला पाठ लावून कोण बसते, हे सर्वांच्या नजरेस येते. याच महिन्याची १२ तारीख १९९६ सालापासून जगभर संधिवात दिन म्हणून पाळली जाते. हा योगायोगच खरा, पण आम्हांला तो उपयोगी वाटतो.

म्हाताऱ्या माणसाने बसून प्रार्थना केली तर कोणी काही म्हणत नाही. परंतु तिशीतली सून, पंचविशीतला मुलगा किंवा नऊ-दहा वर्षांची पोर गुडघे टेकेना, सकाळी अंथरुणातून लवकर उठेना, तर सुनेच्या वाट्याला आळशीपणा येतो, मुलाच्या वाट्याला कामचुकारपणा आणि पोरीच्या वाट्याला नखरे. या पानावर आज आम्ही लिहीत आहोत ते मुख्यतः या तिघांविषयी. आजोबांचा झिजलेला गुडघा डॉक्टरांना एक वर्ष उशिरा दाखवला तरी बहुधा फार बिघडत नाही. या तिघांचे एक वर्ष वाया गेले तर सांध्याचे जे नुकसान होते ते पुढे कोणत्याही औषधाने भरून येत नाही.

घोटाळ्याचे मूळ आपल्या बोलण्यात आहे. 'वाताने धरले आहे' एवढे म्हटले की आपले समाधान होते. कंबर दुखो, बोटे सुजोत की पायाचा अंगठा लाल होवो, सगळ्यांना एकच नाव आणि सगळ्यांवर एकच तेल. वैद्यकशास्त्रात सांध्यांच्या दुखण्याचे शंभराहून अधिक प्रकार मानतात. त्यांतले चार-पाच ओळखता आले तरी शेतकरी कुटुंबाचे काम भागते.

पहिला प्रकार सर्वांच्या ओळखीचा, म्हणजे झिजेचा. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. वयाबरोबर, वजनामुळे, जुन्या दुखापतीमुळे आणि वर्षानुवर्षे उकिडवे बसून केलेल्या कामामुळे तो खडबडीत व पातळ होतो. लावणी, भांगलण, चुलीपुढचे काम, गोठ्यातली धार ही सगळी कामे आपल्याकडे गुडघे पूर्ण दुमडूनच होतात. 'वंगण संपले' असे लोक म्हणतात, ते तितकेसे बरोबर नाही. तेलपाणी घालून चालणारे हे यंत्र नव्हे. या दुखण्याची खूण अशी की चालल्यावर, चढल्यावर, दिवसाच्या शेवटी दुखते आणि विश्रांतीने बरे वाटते. सकाळी सांधा आखडतो, पण अर्ध्या तासाच्या आत सुटतो.

यावर सर्वांत उपयुक्त दोन गोष्टी फुकटच्या आहेत आणि म्हणूनच कोणी त्या करीत नाही. एक, वजन उतरवणे. अंगाचे एक किलो वजन कमी झाले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, असे मोजून पाहिलेले आहे. दुसरी, मांडीचे स्नायू बळकट करणे. खुर्चीवर बसावे, एक पाय सरळ पुढे ताणून धरावा, मनात दहा अंक मोजावे, खाली ठेवावा, मग दुसरा. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. गुडघा स्वतःच्या बळावर उभा राहत नाही, मांडी त्याला धरून ठेवते. आणि काठी घेतलीत तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. दहांतले नऊ जण नेमके उलट करतात.

आता दुसरा प्रकार. याला आमवात म्हणतात. येथे सांधा झिजत नाही, तो पेटतो. शरीराची जी संरक्षक यंत्रणा रोगजंतूंशी लढण्यासाठी असते, तीच चुकून सांध्याच्या आतल्या अस्तरावर तुटून पडते. अस्तर सुजते, जाड होते आणि हळूहळू शेजारची कूर्चा व हाड कुरतडू लागते. हा रोग कोणत्याही वयात होतो, पण बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीने अधिक होतो. म्हणजे घरातली जी बाई पहाटे सर्वांआधी उठते आणि रात्री सर्वांनंतर निजते, नेमकी तिलाच.

त्याची खूण सकाळच्या वेळी पाहावी. दोन्ही हातांच्या बोटांची पेरे, बोटांच्या मुळाचे सांधे आणि मनगटे जोडीने सुजतात. मूठ वळत नाही. धार काढायला बसले तर आचळ पिळवत नाही, पदर खोचता येत नाही, भाकरी थापताना मनगट उभे राहत नाही. ही आखड अर्ध्या तासात सुटत नाही. तास, दोन तास, कधी त्याहून अधिक टिकते. अकराच्या सुमारास हात मोकळे होतात आणि बाई सर्वांसारखी कामाला लागते. पाहणाऱ्याला वाटते, मग सकाळी काय झाले होते? हा प्रश्न सासूने विचारला तर भांडणाचा होतो आणि डॉक्टरांनी विचारला तर निदानाचा. झिजेचे दुखणे कामाने वाढते, पेटलेला सांधा विश्रांतीने आखडतो. एवढा एकच फरक लक्षात राहिला तरी हा लेख वाचल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

हा रोग विरळा आहे असेही कोणी समजू नये. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. भिगवण म्हणजे आपल्यासारखेच शेतकऱ्यांचे गाव. तेथे शंभरांत सुमारे अठरा माणसांना हाडे, सांधे वा स्नायूंचे काही ना काही दुखणे आढळले, आणि आमवात दर दोनशे माणसांत सुमारे एकाला. आपल्या धर्मग्रामात हजार प्रौढ माणसे असतील तर या हिशेबाने पाच जणांना आमवात असावा. ते पाच कोण, हे आपणांपैकी किती जणांना ठाऊक आहे?

रोग सुरू झाल्यापासून पहिल्या तीन ते सहा महिन्यांत योग्य उपचार मिळाले तर बहुतेकांचे सांधे वाचतात. उपचारांशिवाय हाडे कुरतडण्याचे काम बहुधा पहिल्या दोन वर्षांतच सुरू झालेले असते. वाकडी झालेली बोटे नंतर औषधाने सरळ होत नाहीत. म्हणून दोन-तीन सांधे सुजलेले आहेत, सकाळची आखड तासभर टिकते आणि हे सहा आठवड्यांहून अधिक चालले आहे, असे असेल तर तेल, लेप, शेक यांत आणखी महिने घालवू नयेत. गावच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन जिल्ह्याच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात संधिवाताच्या, नाहीतर मेडिसिनच्या डॉक्टरांना दाखवावे. रक्ताची जी तपासणी करतात तिच्यावर मात्र डोळे झाकून भिस्त ठेवू नये. रोग असूनही तपासणीत काही न निघणे आणि रोग नसताना काही निघणे, दोन्ही घडते. बोटे दाबून पाहणाऱ्या डॉक्टरांचे मत कागदापेक्षा मोलाचे असते.

आमवातावरचे मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते मूळचे कर्करोगावरचे, आणि ते शोधणाऱ्या अमेरिकेतील संशोधकांचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. सांध्यांसाठी अगदी थोड्या मात्रेत त्याचा वापर १९८०च्या दशकात रूढ झाला. गोळी महाग नाही, सरकारी जनऔषधी दुकानांतही मिळते. परंतु तिच्याविषयी एक गोष्ट आम्ही ठळक अक्षरांत छापली असती तरी कमीच. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज नव्हे. रोज घेतल्याने तोंड सोलून निघते, रक्त तयार होण्याचे थांबते आणि माणसे दगावली आहेत. वाचता न येणाऱ्या आईला 'रोज एक' असे सवयीने सांगून मुलगा कामावर निघून जातो, तेथे हा घात होतो. म्हणून गोळीचा वार एकच ठरवावा व घरातल्या सर्वांना सांगून ठेवावा. रविवार ठरवला तर मिस्सेमुळे तो विसरत नाही. डॉक्टर फॉलिक अॅसिडची गोळी बरोबर देतात, ती ज्या दिवशी सांगितली असेल त्या दिवशी घ्यावी. या औषधावर असताना दिवस राहू देऊ नयेत. बाळ हवे असेल तर आधीच डॉक्टरांना सांगावे, औषध बदलून मिळते. दारू वर्ज्य. ठरलेल्या मुदतीने रक्ताची तपासणी करून घ्यावी. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. पहिल्या महिन्यात काही फरक नाही म्हणून सोडून देणारे फार आहेत.

आणि याच अधीरपणावर एक धंदा चालतो. आठवडी बाजारात, बसस्थानकाशेजारी किंवा कोणा नामांकित 'वातवाल्या'कडे नाव नसलेल्या पुड्या मिळतात. घेतल्यावर दोन दिवसांत माणूस चालू लागतो, तिसऱ्या दिवशी शेतात जातो आणि गावभर सांगत सुटतो. यात चमत्कार नाही. अशा अनेक पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेन्च यांनी १९४८ साली कॉर्टिसोन हे स्टेरॉइड पहिल्यांदा आमवाताच्या रुग्णाला दिले. जिला हलणे कठीण झाले होते अशी एक तरुण स्त्री काही दिवसांत चालू लागली. १९५० साली हेन्च व त्यांच्याबरोबर केंडाल आणि राइकस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण थोड्याच वर्षांत त्या औषधाची दुसरी बाजू दिसली. चेहरा चंद्रासारखा गोल होतो, साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू येतो, क्षयरोग डोके वर काढतो. डॉक्टरही स्टेरॉइड देतात, पण मोजून, थोड्या दिवसांसाठी आणि उतरत्या मात्रेत. पुडीवर मात्रा लिहिलेली नसते. आणखी एक धोका असा की महिनोन्‌महिने पुडी घेतलेल्या माणसाने ती एका दिवसात बंद केली तर त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून जे घेत आहेत त्यांनी घाबरून ती फेकून देऊ नये. पुडी खिशात घालून डॉक्टरांकडे जावे, ती त्यांना दाखवावी आणि त्यांच्या सांगण्याने हळूहळू सोडावी. दुकानातून मनानेच आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांचेही असेच. त्या महिनोन्‌महिने घेतल्या तर पोटात व्रण होतात व मूत्रपिंडे निकामी होतात.

विडीविषयी थोडे कडू बोलावे लागेल. निपाणीच्या तंबाखूवर आपल्या सीमाभागातील कितीतरी घरे उभी राहिली, हे आम्ही जाणतो. तरीही धूम्रपान करणाऱ्याला आमवात होण्याचा संभव वाढतो आणि झालेल्या रोगावर औषध कमी लागू पडते, हे सिद्ध झालेले आहे.

आता त्या पंचविशीतल्या मुलाकडे वळू. त्याचे दुखणे बोटांत नसते, कंबरेत असते. पहाटे तीन-चारला कंबर दुखून झोप मोडते. उठून अंगणात फेऱ्या मारल्या की बरे वाटते. सकाळी लाकडासारखा ताठ, दुपारी नांगरटीलाही तयार. बाप म्हणतो, 'सकाळच्या कामालाच कसे दुखते?' तर ते तसेच दुखते. कण्याच्या सांध्यांचा हा पेटण्याचा रोग आहे. तो बहुधा विशीत-तिशीत सुरू होतो आणि तरुण पुरुषांत अधिक दिसतो. ओझे उचलून भरलेली कंबर आडवे पडल्याने बरी होते, ही आडवे पडल्याने बिघडते. तीन महिन्यांहून अधिक काळ असे चालले असेल तर तपासून घ्यावे. कधी याच माणसाचा एक डोळा अचानक लाल होऊन दुखतो व उजेड सहन होत नाही. तेव्हा दोन्ही दुखणी एकाच डॉक्टरांना सांगावीत. उपचार न केल्यास मणके एकमेकांना जुळून पाठ कायमची वाकते. उपचारांत औषधाइतकेच महत्त्व रोजच्या व्यायामाला आहे. या मुलाला 'पडून राहा' असा सल्ला प्रेमाने दिला तरी तो चुकीचाच.

मुलांना सांधेदुखी होते हेच पुष्कळांना खरे वाटत नाही. लंडनचे डॉ. जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ साली लहान मुलांच्या जुनाट सांधेरोगाचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणजे शास्त्राला हे सव्वाशे वर्षे ठाऊक आहे. सोळा वर्षांच्या आतील मुलाचा सांधा सहा आठवड्यांहून अधिक सुजलेला राहिला तर हा रोग मनात आणावा लागतो. लहान मूल दुखते म्हणून सांगत नाही. ते सकाळी लंगडते, जिना उतरताना कडेवर घ्या म्हणते, धर्मशिक्षणाच्या वर्गात मांडी घालून बसत नाही, लिहिताना मागे पडते. दुपारी तेच मूल खेळताना दिसते, मग शिक्षकांचा समज होतो की सकाळचे सोंग होते. धर्मशिक्षण देणाऱ्या सिस्टर व शिक्षक यांना आमची विनंती आहे की असे मूल आढळल्यास त्याला उठबशांची शिक्षा देण्यापूर्वी दोन्ही गुडघे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. सुजलेला गुडघा डोळ्यांनाही दिसतो. या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पालकांना ठाऊक हवी. रोगाच्या काही प्रकारांत डोळ्याच्या आत सूज येते, आणि डोळा लाल होत नाही की दुखत नाही. दृष्टी मात्र जाते. म्हणून सांधा बरा दिसला तरी डॉक्टर सांगतील त्या मुदतीने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे यंत्रावर तपासणी झालीच पाहिजे.

घसा दुखून गेल्यावर दोन-चार आठवड्यांनी मुलाला ताप येतो, आज गुडघा उद्या घोटा अशी सूज फिरू लागते, हे मात्र वेगळेच दुखणे. सांधे पुन्हा पूर्ण बरे होतात, आणि म्हणूनच लोक निश्चिंत होतात. तोवर हृदयाच्या झडपांना इजा झालेली असते. अशा मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन कित्येक वर्षे घ्यावे लागते. मूल धडधाकट दिसते म्हणून ते चुकवू नये.

सणावारी आठवण व्हावी असा एक प्रकार आहे. धर्मग्रामाचा सण झाला, सोरपोतेल झाले, मित्रांबरोबर बाटली झाली, आणि मध्यरात्री पायाचा अंगठा असा पेटला की चादरीचा स्पर्शही सोसवेना. रक्तातले युरिक अॅसिड वाढून त्याचे स्फटिक सांध्यात उतरतात. हा बहुधा पुरुषांचा रोग. काळीज-मूत्रपिंडाचे मांस, तांबडे मांस आणि दारू, त्यातही बिअर, यांनी तो भडकतो. युरिक अॅसिड उतरवणारी गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर दुखणे थांबले म्हणून ती थांबवू नये. हा प्रकार सोडला तर सांधेदुखीत 'आंबट खाऊ नका, दही-चिंच बंद' या पथ्याला आधार सापडलेला नाही. वाढत्या पोरीचे ताक-दही वाताच्या भीतीने बंद करणे म्हणजे हाडे पोसणारे अन्न तिच्या तोंडून काढून घेणे.

शेतकऱ्याने तापाबरोबरच्या सांधेदुखीकडे अधिक बारकाईने पाहावे. २००६ साली कर्नाटक-महाराष्ट्रात चिकनगुनियाची जी साथ आली, ती पुष्कळांना आठवत असेल. ताप आठवड्यात गेला, सांधे महिनोन्‌महिने दुखत राहिले. त्याचा डास दिवसा चावतो आणि घराजवळच्या साठवलेल्या पाण्यात वाढतो. पिंप, टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करावी. दुसरा ताप गोठ्यातून येतो. गाय-म्हैस शेवटच्या महिन्यांत गाभडली, वार उघड्या हातांनी काढली, किंवा दूध न तापवता प्यायलात, तर ब्रुसेला नावाचे जंतू माणसात शिरतात. मग आठवडेच्या आठवडे ताप चढत-उतरत राहतो, रात्री घामाने अंथरूण भिजते, कंबर, खुबा, गुडघा दुखतो. अशा वेळी डॉक्टरांना 'जनावर गाभडले होते' हे आपणहून सांगितले पाहिजे, त्याशिवाय त्यांना ते सुचणार नाही. औषध किमान सहा आठवडे घ्यावे लागते. गाभडलेले वासरू व वार हातमोजे घालून उचलावी, चुन्यासह खोल पुरावी, कुत्र्यांना टाकू नये. कालवडी व पारड्यांना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदा लस टोचून घेतली की जन्मभर पुरते; सरकारच्या २०१९ पासूनच्या पशुरोग नियंत्रण योजनेत ही लस आहे.

रोग कोणताही असो, शेत थांबत नाही. पण कामाची रीत बदलता येते. उकिडव्याने भांगलण्याऐवजी ओळीतल्या पिकात उभ्याने सायकल कोळपे चालवावे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा वैभव विळा हलका व दातेरी आहे, त्याने मनगटाला कमी झटके बसतात. खुरप्याच्या, विळ्याच्या मुठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून मूठ जाड करावी. जाड मूठ धरायला बोटे कमी वळावी लागतात. घागर एका हाताने कडीत बोटे घालून उचलू नये, दोन्ही हातांनी खालून उचलावी, आणि एका खेपेच्या दोन खेपा कराव्या. गोठ्यात धारेसाठी वीतभर उंचीचे स्टूल, स्वयंपाकघरात ओट्यावर विळी किंवा सुरी, शौचालयात भोक पाडलेली खुर्ची. हे शेवटचे कोणी मागत नाही, लाजेपोटी. घरच्यांनी आपणहून आणून ठेवावे. सकाळी आखडलेले हात कोमट पाण्यात दहा मिनिटे बुडवले तर लवकर सुटतात. गरम, लालबुंद सुजलेल्या सांध्याला मात्र शेकू नये, थंड पाण्याची पट्टी ठेवावी. आमवात असलेल्या बाईची धार काढण्याची वेळ सकाळची असेल तर ते काम घरातल्या पुरुषाने घ्यावे आणि तिने दुपारचे एखादे काम त्याचे करावे. यात कोणाचाही मान जात नाही.

हातांनी पोट भरणाऱ्याला हा रोग झाला म्हणजे सगळे संपले असेही नाही. दक्षिण आफ्रिकेचे शल्यविशारद डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांना १९५६ साली आमवाताचे निदान झाले; त्यांनीच १९६७ च्या डिसेंबरात माणसाचे हृदय बदलण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. १९८३ साली हात साथ देईनासे झाले तेव्हा ते निवृत्त झाले. निदानापासून निवृत्तीपर्यंत सत्तावीस वर्षे. आजची औषधे त्यांना पहिल्यापासून मिळाली नव्हती.

शेवटी चर्चमधले. काही आजारी माणसे मिस्सेला येईनाशी होतात ती श्रद्धा आटली म्हणून नव्हे, पुढच्या बाकावरची मान वळेल या भीतीने. ज्यांना प्रकृतीमुळे गुडघे टेकता येत नाहीत त्यांच्यावर तशी सक्ती नाही, हे मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांतच आहे. भाकर व द्राक्षारस यांच्या पवित्रीकरणानंतर धर्मगुरू गुडघा टेकवतात त्या वेळी वाकून नमन केले की झाले. २०२२ च्या मे महिन्यात पोप फ्रान्सिस गुडघ्याच्या दुखण्यामुळे चाकांच्या खुर्चीत बसून लोकांसमोर आले, ते चित्र साऱ्या जगाने पाहिले. शांतीच्या खुणेच्या वेळी आपल्याकडे हात जोडून नमस्कार करण्याची पद्धत आहे. ती सोडून उत्साहाने समोरच्याचा हात दाबू नये, सुजलेल्या बोटांना तो दाब दिवसभर पुरतो. चर्च समितीने १२ ऑक्टोबरच्या आसपासच्या रविवारी मिस्सेनंतरच्या सूचनांत दोनच गोष्टी सांगाव्या असे आम्ही सुचवतो: सकाळी तासभर सांधे आखडणाऱ्याने, मग तो कोणत्याही वयाचा असो, डॉक्टरांना दाखवावे, आणि आठवड्याची गोळी रोज घेऊ नये. त्याच दिवशी दाराजवळच्या रांगेत हात असलेल्या चार उंच खुर्च्या मांडून ठेवाव्या. हात असलेल्या एवढ्यासाठी, की उठताना गुडघ्यावरचा भार दंडांना घेता येतो.